ताप उतरल्यानंतरचे दिवस

(न्यासाच्या वार्षिक मेळाव्यात बालरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी एका विभागाने आपल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. यंदा तो मान बालरोग विभागाला मिळाला, याबद्दल आम्ही विश्वस्तांचे आभारी आहोत. वर्षभरात किती मुले तपासली, किती दाखल झाली, याचे आकडे अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. म्हणून आज आम्ही एकाच आजाराविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव कावासाकी आजार. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना येणाऱ्या दाहाचा हा आजार आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे, की मुलाच्या हृदयाचे पुढे काय होणार हे या आजारात बहुतांशी पहिल्या दहा-बारा दिवसांतच ठरते. त्या मोजक्या दिवसांत पालक, डॉक्टर आणि देणगीदार या तिघांचेही हात वेळेवर पुढे यावे लागतात.

या आजाराची हकीकत जपानमध्ये सुरू होते. जानेवारी १९६१ मध्ये टोकियो येथील रेडक्रॉसच्या रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी या बालरोगतज्ज्ञांकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. सतत ताप, लाल डोळे, भेगाळलेले लाल ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातापायांना सूज आणि काही दिवसांनी बोटांच्या टोकांची निघणारी साल, असे ते चित्र होते. ते कोणत्याही परिचित आजाराशी जुळेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण निदानाची जागा कोरीच राहिली. पुढच्याच वर्षी तशीच लक्षणे असलेले दुसरे मूल आले. मग डॉ. कावासाकी अशा मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवू लागले, आणि १९६७ साली त्यांनी ५० मुलांचा वृत्तांत जपानी भाषेत प्रसिद्ध केला. हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवून जात नाही, असे त्यांचे तेव्हाचे मत होते.

ते मत पुढे बदलावे लागले. असा आजार होऊन गेलेल्या एका मुलाचा अचानक मृत्यू झाला होता, आणि १९६५ साली झालेल्या शवविच्छेदनात त्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी सापडली होती. १९७० साली जपानमध्ये देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा या आजारानंतर हृदयविकाराने अकस्मात दगावलेल्या दहा मुलांची नोंद पुढे आली. ताप उतरलेली, बरी वाटणारी ही मुले होती. डॉ. कावासाकींनी आपले पहिले मत सुधारले आणि पुढचे सारे आयुष्य याच आजाराच्या अभ्यासाला वाहिले. १९७४ साली त्यांचा लेख इंग्रजीत आला आणि जगभरच्या डॉक्टरांना या आजाराची ओळख झाली. ५ जून २०२० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ताप उतरल्यानंतरही मुलाच्या शरीरात असे काय चालू असते, हा आजच्या आमच्या बोलण्याचा गाभा आहे. तो समजण्यासाठी आधी धमनीची भिंत पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण जिला रोहिणी म्हणत असू, तीच ही धमनी. हृदय दर ठोक्याला शरीराला रक्त पाठवते, पण स्वतःच्या स्नायूंसाठी त्याला दोन वेगळ्या धमन्यांवर अवलंबून राहावे लागते. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. दोन-तीन वर्षांच्या मुलात त्यांची आतली रुंदी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते. एवढ्याशा नळीची भिंतही तीन थरांची असते. सर्वांत आतला थर म्हणजे रक्ताला लागून असलेले नितळ अस्तर. मधला थर स्नायूंच्या पेशींचा. बाहेरचा थर तंतूंचा, म्हणजे नळीला बाहेरून आवळून धरणारा. या थरांच्या सांध्यावर लवचिक पडदे असतात. ठोक्यागणिक ताणले जाऊन पुन्हा मूळ आकाराला येण्याची धमनीची शक्ती त्या पडद्यांत आणि मधल्या थरात असते.

कावासाकी आजारात या भिंतीवर हल्ला होतो. तो बाहेरून आलेला एखादा जंतू थेट करीत नाही, मुलाची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच करते. कसल्यातरी निमित्ताने, बहुधा एखाद्या संसर्गाने, ती पेटून उठते. ते निमित्त नेमके कोणते, याचा उलगडा साठ वर्षांहून अधिक काळ शोध घेऊनही झालेला नाही. जपानी वंशाच्या मुलांत आणि आजारी मुलाच्या सख्ख्या भावंडांत हा आजार अधिक आढळतो, त्यावरून आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे, हे कळते. मात्र तो एका मुलाकडून दुसऱ्याला खेळता-खेळता लागत नाही, हे पालकांनी निःशंकपणे लक्षात ठेवावे.

जपानी विकृतिशास्त्रज्ञांनी, आजाराच्या निरनिराळ्या दिवशी दगावलेल्या मुलांच्या धमन्या तपासून, भिंतीत होणाऱ्या बदलांचे जवळजवळ दिनदर्शिकेसारखे टिपण तयार केले आहे. ताप आल्यापासून सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास धमनीचा मधला थर सुजतो, त्यातील पेशी एकमेकींपासून सुटू लागतात. मग आतल्या अस्तराकडून आणि बाहेरच्या थराकडून, अशा दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात. दहाव्या दिवसापर्यंत दाह भिंतीच्या सर्व थरांत आणि धमनीच्या संपूर्ण परिघाभोवती पसरतो. आत शिरलेल्या पेशी विकरे सोडतात आणि ती विकरे लवचिक पडद्यांचे तुकडे करतात. बाराव्या दिवसाच्या सुमारास दुबळी झालेली भिंत रक्ताच्या दाबाने बाहेर फुगू लागते. सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून गाठीसारखी बाहेर येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धमनीचे नेमके तसेच होते. या फुगवट्याला धमनीविस्फार म्हणतात. पंचविसाव्या दिवसापर्यंत दाहाचा जोर राहतो आणि साधारण चाळीस दिवसांनी तो बहुतेक निवतो.

सर्वच धमन्यांत मात्र तो असा निवत नाही. २०१२ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी या भिंतीत परस्परांशी जोडलेल्या तीन प्रक्रिया दाखवून दिल्या. पहिली प्रक्रिया तीव्र, भिंतीचा नाश करणारी. ती न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घडवून आणतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत ती आपोआप संपते. मोठे फुगवटे तिच्यामुळे होतात. दुसरी प्रक्रिया संथ. तिच्यात लिम्फोसाइट आणि इतर पेशी बाहेरच्या थरातून आत सरकत राहतात. तिची सुरुवातही त्या पहिल्या दोन आठवड्यांतच होते, पण काही मुलांत ती महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालू राहते. तिसरी प्रक्रिया भरावाची. मधल्या थरातील स्नायुपेशी आपले रूप बदलून आतल्या बाजूस वाढतात आणि धमनीची वाट हळूहळू अरुंद करतात. म्हणजे तीच भिंत एका मुलात फुगते, तर पुढे त्याच मुलात आतून भरून आखडते. दोन्हींचा शेवट हृदयाचा रक्तपुरवठा अडण्यात होऊ शकतो.

यात आणखी एक धोका मिसळतो. नदीच्या पात्रात डोह असला की तिथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो. फुगलेल्या धमनीतही रक्त असेच रेंगाळते. नेमक्या याच काळात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रक्तातील प्लेटलेटची संख्या खूप वाढलेली असते, आणि भिंतीचे आतले अस्तर खरखरीत झालेले असते. गुठळी होण्यास लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आणि या आठवड्यांत मूल कसे दिसते? ताप नाही, पुरळ गेलेले, भूक परतलेली, मूल अंगणात खेळते आहे. बोटांच्या टोकांची साल निघते आहे, एवढीच काय ती खूण. आजार गेला म्हणून घरात आनंद असतो, आणि धमनीच्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक काळ असतो.

आमच्या विभागाला हे ज्ञान पुस्तकातून होते, तरीही एकदा आमची चूक झाली. ती या व्यासपीठावरून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांची एक मुलगी आमच्याकडे सातव्या दिवशी ताप घेऊन आली. डोळे किंचित लाल, पुरळ दोन दिवस येऊन गेलेले. लघवीत पूपेशी आढळल्या, म्हणून आम्ही लघवीचा जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके सुरू केली. लघवीच्या तपासणीत जंतू वाढले नाहीत, तरी आम्हांला शंका आली नाही. बाराव्या दिवशी ताप आपोआप उतरला. औषध लागू पडले असे आम्ही समजलो आणि मुलीला घरी पाठवले. एकोणिसाव्या दिवशी तिची आई तिला पुन्हा घेऊन आली. ताप नव्हता, रडणे नव्हते. आईने फक्त मुलीची मूठ उघडून दाखवली आणि म्हणाली, "डॉक्टर, हिच्या बोटांची सालं का निघतायत?" त्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इकोकार्डिओग्राफी केली, तेव्हा डावीकडील धमनीत आठ मिलिमीटरचा फुगवटा दिसला.

कावासाकी आजारात लघवीत पूपेशी दिसतात आणि जंतू मात्र वाढत नाहीत, हे ज्ञात आहे. सहा महिन्यांखालील बाळांत लक्षणे अपुरी असतात आणि फुगवट्याचा धोका मात्र सर्वाधिक असतो, हेही ज्ञात आहे. त्या दिवशी या दोन्ही गोष्टी आम्हांला एकत्र आठवल्या नाहीत. ती मुलगी आज शाळेत जाते. रक्त पातळ ठेवणारी औषधे तिला रोज घ्यावी लागतात, ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते, आणि पडण्या-आपटण्याचे खेळ तिला वर्ज्य आहेत. तिच्या आईवडिलांच्या अनुमतीने आम्ही हे सांगत आहोत. त्यांनी आमच्यावर राग धरला नाही. पण आम्ही विभागात एक नियम केला : सहा महिन्यांखालील बाळाचा ताप सात दिवस टिकला आणि कारण सापडले नाही, तर अन्य लक्षणे नसली तरी रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करायचीच.

या आजाराचे निदान पक्के करणारी एकही प्रयोगशाळेतील चाचणी नाही. निदान पाहण्यावर आणि मोजण्यावर अवलंबून असते. पाच दिवस वा अधिक ताप, आणि त्यासोबत पाचपैकी चार लक्षणे : दोन्ही डोळे लाल, पण चिपडे नाहीत, ओठ लाल व भेगाळलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल व खरखरीत, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय लाल व सुजलेले, आणि मानेत, बहुधा एकाच बाजूला, दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ. ही सर्व लक्षणे एकाच दिवशी असतीलच असे नाही. काही येऊन जातात, म्हणून आईची आठवण आमच्या तपासणीइतकीच मोलाची असते. जन्मतः दंडावर टोचलेल्या बीसीजी लशीचा जुना व्रण अचानक लाल होऊन सुजणे, हीही लहान बाळांतील एक सूचक खूण आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळाला ही लस दिली जाते, तेव्हा ती खूण पाहण्याची सवय आपण सर्वांनीच ठेवावी.

आता उपचारांविषयी, आणि इथेच देणगीदारांचा संबंध येतो. उपचार न झाल्यास या आजाराच्या दर चार-पाच मुलांपैकी एकाच्या कोरोनरी धमनीत फुगवटा होतो. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध शिरेतून दिले, तर हे प्रमाण शेकडा चार-पाचवर येते. १९८४ साली जपानमध्ये आणि १९८६ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासांनी हे सिद्ध केले. मघाशी सांगितलेली दिनदर्शिका आठवली, तर दहा दिवसांची मर्यादा का, ते सहज कळेल. दहाव्या दिवशी दाह भिंतभर पसरतो आणि बाराव्या दिवशी भिंत फुगू लागते. औषध त्याआधी पोहोचले पाहिजे. दहा दिवस उलटून गेले, पण ताप वा दाह कायम असला, तरीही औषध द्यावेच लागते. लाभ मात्र कमी होत जातो. दर सहा ते दहा मुलांपैकी एकाचा ताप पहिल्या मात्रेने उतरत नाही, तेव्हा दुसरी मात्रा किंवा अन्य औषधे द्यावी लागतात.

या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम असते. दहा किलोच्या मुलाला वीस ग्रॅम औषध दहा-बारा तासांत थेंबथेंब द्यावे लागते. ते कारखान्यात रसायनांपासून तयार होत नाही. हजारो निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातील रक्तद्रव एकत्र करून त्यातून ते वेगळे काढले जाते. म्हणजे आमच्या वॉर्डातील एका मुलाच्या सलाईनच्या नळीतून हजारो अनोळखी माणसांचे दान त्याच्या शरीरात जात असते. असे औषध महाग असणे अपरिहार्य आहे. मजुरी करणाऱ्या वा छोटी नोकरी असणाऱ्या कुटुंबाला त्याची किंमत ऐकून धक्का बसतो. घरात विचारतो, गावाकडून पैसे मागवतो, दोन दिवसांत सांगतो, असे वडील म्हणतात. त्यांचे म्हणणे वावगे नसते. पण धमनीच्या दिनदर्शिकेत ते दोन दिवस फार मोठे असतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने आखलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये निर्धन रुग्ण निधी राखतात आणि शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी, तर दहा दुर्बल घटकांसाठी ठेवतात. हा निधी मोठा आधार आहे. परंतु निर्धनही नाही आणि हे औषध परवडेल असेही नाही, अशा मधल्या कुटुंबांची कुचंबणा होते. आपण दिलेल्या देणग्यांतून न्यासाने या औषधाचा काही साठा सदैव तयार ठेवण्याची मुभा आम्हांला दिली आहे. त्यामुळे औषध आधी सुरू करून खर्चाचा विचार नंतर करता येतो. आपल्या देणगीने इमारतीचा मजला वाढला तर तो डोळ्यांना दिसतो. एखाद्या मुलाची धमनी फुगली नाही, हे कधीच कोणाला दिसत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'सामान्य' एवढा एकच शब्द उमटतो. तो शब्द आपल्या दानाची पावती आहे, असे आम्ही मानतो.

पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही थांबतो. औषधानंतर घरी गेल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे थोड्या मात्रेत ॲस्पिरिन चालू राहते. ताप नाही म्हणून ते मनाने बंद करू नये. या काळात मुलाला फ्लू किंवा कांजिण्यांचा संसर्ग झाल्यास लगेच कळवावे. फ्लूची लस जरूर द्यावी. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी मात्र इम्युनोग्लोब्युलिननंतर अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात. सोनोग्राफीच्या ठरलेल्या तारखा चुकवू नयेत. फुगवटा झालाच, तरी निराश होऊ नये. निम्म्याहून अधिक फुगवटे, विशेषतः लहान, एक-दोन वर्षांत मूळ मापाला येतात. मोठे फुगवटे सहसा तसे येत नाहीत, आणि माप परतले तरी भिंत पूर्वीसारखी होतेच असे नाही. म्हणून मुलाची फाईल जपून ठेवावी, आणि ते मोठे झाल्यावर त्याच्या हाती द्यावी. पुढे प्रौढ वयात हृदयाच्या डॉक्टरांना त्या फाईलची गरज लागेल.

२०२० सालच्या करोना साथीनंतर काही मुलांत कावासाकीशी साम्य असणारा, तरी त्याहून वेगळा दाहाचा आजार दिसला. त्या निमित्ताने अनेक पालकांनी हे नाव प्रथमच ऐकले. आमची विनंती एवढीच, की साथ सरली तरी हे नाव विसरू नये. मुलाला ताप आला की तारीख लिहून ठेवा. पाचवा दिवस उजाडला आणि डोळे, ओठ, पुरळ, हातपाय वा मान यांत काही वेगळे दिसले, तर "डॉक्टर, हा कावासाकी तर नसेल?" असे बेधडक विचारा. कोणताही जाणता डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही. आम्हांला तर त्या दिवशी असा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता.